गच्चीवर कन्सोलचं भांडण

उचगाव, कोल्हापूर
रविवार, ५ एप्रिल

प्रिय बुद्धभूषणदादा,

जय भीम. आईचा गुडघा आता बरा आहे. आबा रोज जयंती कमिटीच्या मीटिंगला जातात, तिथं घसा बसेपर्यंत ओरडतात, म्हणून घरी शांतता असते.

पत्र बघून हसशील. पण फोन आबा स्पीकरवर लावतात आणि मेसेज लांबला की तू नुसता अंगठा पाठवतोस. शेजारचा जोतीराम तुझी चटणी घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्या पिशवीत हे घालते.

मागच्या रविवारी इचलकरंजीची पावणं मला बघायला येऊन गेली. मुलगा प्रसेनजीत, यंत्रमागांच्या शेडमध्ये मशीन दुरुस्तीचं बघतो. मला काय, आबा म्हणतील तसं. पोहे झाल्यावर आई म्हणाली, "पोरांना गच्चीवर जरा बोलू दे की." जाताना त्याला टीव्हीखाली तुझं जुनं गेम खेळायचं कन्सोल दिसलं. "ह्ये कोण खेळतंय?" म्हटलं, "मी." झालं, तिथंच पेटलं.

तो म्हणाला, नवं घ्यायचं तर ताकदीचंच घ्यावं. "आधी मशीन दांडगं पायजे. गेम काय, मागनं येतात की!"

"कोण आणतंय?" मी म्हटलं. "गेम बनवणाऱ्यांना त्यावर काम करणं जमलं न्हाय, कंपनीनं त्यास्नी मदत केली न्हाय, तर तुमचं दांडगं मशीन धूळ खात बसंल!"

"आणि कमजोर मशीनवर मोठा गेम आणायचा म्हंजे? पैलवानाला पोराची चड्डी घातल्यागत!"

मला हसू फुटलं, पण माघार घेतली नाही. हातात मावणाऱ्या त्या छोट्या कन्सोलच्या कमजोर चिपला सगळे हसत होते, तरी घरोघरी तेच का खेळतात, विचारलं. तो कठड्याला टेकला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "व्हय की. मग दांडग्या मशीनकडं गेम बनवणारे का येत न्हाईत? सांगा बघू." आणि दादा, मी सांगितलेलं सगळं त्यानं ऐकून घेतलं. साताऱ्याहून मला बघायला आलेला तो मागचा आठवतो? "अरे वा, तुम्ही गेम खेळता?" म्हणून लहान पोरीकडं बघावं तसा हसला होता.

तेवढ्यात आबा जिना चढून वर. "काय चाललंय ह्ये? आत्ताच भांडणं?" पावणं गेली आणि आबांनी निकाल दिला, "पोरगा तोंडाळ हाय. आजच पोरीवर आवाज चढवतोय, लग्नानंतर काय करंल? जयंती झाली की मग त्यास्नी न्हाय म्हणून कळवतो."

आबांचं मन मला कळतं, काळजीच ती. पण त्या लोकांचं घर शेडला लागून आहे रे. दिवसभर मागांचा खडखडाट. त्याच्या आईनं पाणी मागितलं तेसुद्धा रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं. सगळं घरच तसं बोलतं. आणि मी तरी काय, कागलच्या एमआयडीसीत मशीनशेजारी उभं राहून बोलायची सवय. खरं सांगू? गच्चीवर त्याच्यापेक्षा माझाच आवाज मोठा होता. आबांना तो ऐकूच आला नाही, कारण माझा त्यांना रोजचा आहे.

हे मी आबांपुढं बोलू शकत नाही. बोलले तर म्हणतील, पोरगी का एवढी बाजू घेते? आणि घेते, दादा. आवडलाय मला तो. घे, लिहिलं एकदाचं.

काल त्याचा मेसेज आला, "पुढच्या खेपेला तयारी करून येतो. तुमचं म्हणणं निम्मं पटलंय." निम्मं म्हणे! हात शिवशिवत होते, पण उत्तर दिलं नाही. आधी आबांचं उत्तर येऊ दे.

जयंतीला तू येणारच आहेस, तर दोन दिवस आधी ये. आबा तुझं ऐकतात. त्यांना घेऊन इचलकरंजीला जा, माग चालू असताना त्यांच्या घरी चहा प्या. आबांना तिथं स्वतःच ओरडून बोलावं लागेल, मग तुला काही समजवावं लागणार नाही.

आणि पुण्याला जाताना कन्सोलचा दुसरा कंट्रोलर आठवण म्हणून बॅगेत टाकून गेलास, तेव्हापासून मी एकटीच खेळते. तो येताना घेऊन ये. आता लागणार आहे.

तुझी भांडकुदळ,
साक्षी