पाच मिनिटांची पाळी

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘हं’च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. परवा सत्ताधाऱ्यांनी मला सभागृहाबाहेर काढलं, ते तू शीघ्रलेखकांच्या टेबलावरून पाहिलंसच. आता निलंबनावर भागत नाहीये, सदस्यत्वच रद्द करायचं घाटतंय. आरोप काय, तर परवानगी नसताना मी उठले आणि कारखान्याच्या स्फोटात गेलेल्यांची नावं वाचली.

सरकार म्हणतं नऊ गेले. मी चौदा वाचले. उरलेले पाच हजेरीपटावर नव्हते म्हणे, म्हणजे ते मेलेसुद्धा नाहीत! अध्यक्षांनी सगळी नावं कामकाजातून काढून टाकायला लावली.

पण दादा, दोन मिनिटं बोला असं अध्यक्ष स्वतः म्हणाले होते. त्यांचा माइक बंद होता, म्हणून ध्वनिफितीत ते नाही. छापील इतिवृत्तातूनही वाक्य गायब आहे. ती पाच मिनिटं उतरवून घ्यायची पाळी तुमच्या टेबलावरच्या घड्याळबाईंची होती. त्यांनी आपली लघुलिपीची वही घेऊन चौकशी समितीपुढे एवढं सांगितलं तरी मी वाचेन. बहिणीचं भाषण उतरवणार नाही असं तू बारा वर्षांपूर्वी लिहून दिलंस आणि मी उठले की पेन्सिल खाली ठेवतोस. त्याची मी किती टिंगल केली! आज वाटतं, बरंच झालं. साक्षीला परकं माणूस तरी आहे.

वहिनीला म्हणावं, नणंद रिकामी झालीय, भांडायला आता वेळच वेळ.

लोभ असावा, सध्या जरा जास्तच लागेल.

तुझी,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून जेवण गोड लागत नाही. आता सांगूनच टाकतो.

त्या दिवशी घड्याळबाईंना खोकल्याची उबळ आली आणि त्या बाहेर गेल्या. नेमकी तेव्हाच तू उठलीस. मी पेन्सिल ठेवायला हवी होती. पण टेबलावर दुसरं कुणी नव्हतं, आणि तू नावं वाचू लागलीस. माझा हात थांबला नाही. अध्यक्षांचं वाक्यही मी लिहिलं. मी त्यांच्या पायाशी बसतो, मला त्यांचा माइक लागत नाही.

मग मात्र घाबरलो. दिलेला शब्द मोडला होता. म्हणून टंकलेल्या मजकुराखाली बाईंची आद्याक्षरं घातली आणि त्यांना तसं सांगितलं. माझ्यासाठी त्या गप्प राहिल्या. माझ्या मजकुरात अध्यक्षांचं वाक्य होतं. छापताना ते वरच्या कुणीतरी काढलं. पण हे बाई कशाच्या जोरावर सांगणार? त्यांनी ऐकलंच नाही. चौतीस वर्षांत एकदाच लबाडी केली आणि ती तुझ्याच मुळावर आली. माझी मला लाज वाटते.

वही माझ्या कपाटात आहे. मी समितीपुढे जाणार आहे.

तुझ्या रागासकट तुझी वाट पाहणारा,
दादा


१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

राग आला. भयंकर आला. दोन दिवस तुला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले, ते इथे लिहीत नाही.

आता ऐक. तू जायचं नाहीस. समितीत सातपैकी पाच त्यांचे आहेत. खुद्द अध्यक्षांनी येऊन कबूल केलं तरी ते मला काढणारच. आणि तुला तर खोट्या आद्याक्षरांपायी घरी बसवतील, निवृत्तीला चार महिने उरले असताना. लहानपणी काचा मी फोडायचे आणि मार तू खायचास. तेवढं पुरे झालं. दोघांनी बुडण्यात काय शहाणपण आहे?

वहिनीची शपथ घालते. एकदा तरी धाकटीचं ऐक.

तुझी,
धाकटी


२१ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल जाऊन आलो. कोट तुझ्या वहिनीनेच काढून दिला, तेव्हा तुझ्या शपथेचं तूच बघ.

समितीचे प्रमुख बहिणीवरून बरंच लागट बोलले. मी खाली मान घालून ऐकलं, त्यात खोटं काही नव्हतं. पण मला दोषी धरायचं तर वही पुराव्यात घेणं त्यांना भागच होतं. माझी लघुलिपी मलाच वाचता येते, म्हणून वही माझ्या हातात दिली आणि अध्यक्षांपुरतं वाचा म्हणाले. मी वाचलं: दोन मिनिटं बोला. पुरे, असं ते म्हणाले. मी सांगितलं, नियमाने पाळी अर्धी वाचता येत नाही. पाचही मिनिटं वाचावी लागतात, नाहीतर तो पुरावा होत नाही. त्यांनी चिटणीसाकडे पाहिलं. चिटणीसाने नाइलाजाने मान हलवली.

मग मी तुझं भाषण वाचलं. चौदाही नावं वाचली. साक्षीदाराची साक्ष अहवालाला शब्दशः जोडतात. तिच्यावर काट मारता येत नाही.

आज टेबलाचा खण रिकामा करून आलो. घड्याळबाई रडल्या.

आशीर्वादाखेरीज हाती काही न उरलेला,
दादा


६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मतदान झालं. त्यांनी मला काढलं. तुझी साक्ष त्यांनी अविश्वसनीय ठरवली आणि अहवालाला जोडून छापली.

काल एक बाई आल्या. त्या पाचांतल्या एकाची आई. तो कामावर नव्हताच, असं त्यांना कचेरीत चार वेळा ऐकवलं होतं. मी अहवालाचं पान उघडून दिलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांचं बोट धरून मुलाच्या नावावर ठेवलं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही.

मग विचारलं, हे तिथे कुणी वाचलं. माझ्या भावाने, असं मी सांगितलं. नाव नीट घेतलं का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. म्हटलं, तो फार हळू वाचतो, पण एकही नाव गाळत नाही.

त्यांनी तुला नमस्कार सांगितला आहे. माझाही त्यातच घे.

तुझी,
धाकटी