निगरगट्टाला पाणी घालू नये

ती. ताईंस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनातच घातला आहे, गोड मानून घ्यावा). तुमचा खोकला हटला असेल आणि साडूभाऊंनी गोड खाणं निदान तुमच्यासमोर तरी कमी केलं असेल, अशी आशा आहे. इकडे मुलगा, सून आणि मी ठीक. निगरगट्टाची तब्येत मात्र गंभीर आहे, त्याचीच हकिगत कळवतो.

निगरगट्ट म्हणजे तुमच्या बहिणीचं खिडकीतलं ते जाड पानांचं झाड. (नर्सरीवाला त्याला जेड म्हणतो. ती म्हणायची, या घरात निगरगट्ट दोन, त्यातला एक कुंडीत असतो. दुसरा कोण, हे सांगताना माझ्या शिलाई मशीनकडे बघायची तशी काही गरज नव्हती.) आठवण झाली आणि माती खडखडीत दिसली, तरच ती त्याला घोटभर पाणी द्यायची. आम्ही गावाला जाऊन यावं, तर बाकीची झाडं माना टाकून बसलेली आणि हा पठ्ठ्या टवटवीत. ती गेली तेव्हा वाटलं, एवढा एक जीव तरी आपल्या हातून मरायचा नाही.

पण ती गेल्यापासून या घरात तिचं नाव कोणी काढत नाही. मी काढलं तर मुलगा रडेल, त्यानं काढलं तर मी खचेन, आणि आम्ही दोघं गप्प म्हणून सून बिचारी गॅस संपला हेसुद्धा हळू आवाजात सांगते. त्यामुळे झाडाचाही विषय निघाला नाही. मी आपला रोज सकाळी दाढीच्या मगातून त्याला पाणी घालत होतो, कारण पोरांच्या लक्षात राहायचं नाही. दुपारी मी मशीनवर पेंगलो की सून तांब्याभर ओतत होती. मुलगा कामावरून आला की बुटांसकट खिडकीशी जाऊन बाटलीतलं उरलेलं रिकामं करत होता, कारण बाबांचं हल्ली कशात लक्ष नसतं. तिघंही एकमेकांपासून चोरून. (लोक चोरून पितात, आम्ही चोरून पाजत होतो.)

बिंग फुटलं ते खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंमुळे. वाळत घातलेली पांढरी चादर घेऊन त्या वर आल्या, तिच्यावर आमच्या कुंडीतल्या चिखलाचे ओघळ. मी शिंपी पडलो, आधी कापड चांगलं आहे असं म्हणून बसलो, त्यानं प्रकरण चिघळलं. मुलगा म्हणाला, मी तर जरासंच घालतो. सून म्हणाली, मीही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मास्तरीणबाईंनी खोडाला बोट लावलं, तर उकडलेल्या बटाट्यात जावं तसं ते आत गेलं.

सून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आईंचं एवढंच जिवंत राहिलं होतं, तेही आपण बुडवून मारलं."

ताई, 'आई' या एका शब्दाच्या धाकानं आम्ही सगळे इतके दिवस जीव मुठीत धरून होतो, आणि तो निघाला तर छप्पर कोसळलं नाही. नुसते रडलो. आधी मुलगा, मग मी. मास्तरीणबाई चादर आमच्याकडेच विसरून खाली गेल्या.

नर्सरीवाल्यानं सांगितलं की सडलेलं कापून टाका, धड फांदी सावलीत सुकवा, कोरड्या मातीत खोचा आणि काही दिवस पाण्याला हात लावू नका. जन्मभर दुसऱ्यांच्या कापडाला बेधडक कात्री लावली, पण या वेळी ती दोनदा खाली ठेवली. बोटभर फांदी धड निघाली. आता आम्ही तिघं आळीपाळीनं तिच्याजवळ उभे राहतो आणि पाणी घालत नाही. फार अवघड काम आहे. मूळ धरेल असं मला काही वाटत नाही.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा (हे नातं अजून चालू आहे असं धरून)

ता. क. तिनं याच झाडाची एक फांदी तुम्हाला दिली होती. ती जगली असेल तर तिची एखादी डहाळी हवी आहे. कुरियरनं नको, पिचेल. कोणीतरी हातानं आणलेली बरी.

ता. क. २. डहाळी राहू द्या, तुम्हीच या. तुमचा आवाज हुबेहूब तिचा आहे. परवा तुमचा फोन मीच ठेवून दिला आणि रेंज गेली म्हणून मुलाला सांगितलं. तुम्ही आल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन बसलो, तर बोलवायला येऊ नका. बाहेर सुनेशी बोलत बसा, जरा मोठ्यानं. दार मी उघडं ठेवीन.