मेंदूतले जागले

अमरावती,
१४ डिसेंबर १९६३

प्रिय पंचफुलाबाई,

सप्रेम जयभीम. हे पत्र जानराव भाऊजींकडून वाचून घेऊ नको, तूच वाच. माझी मोठी बहीण चौथीपर्यंत शिकली ती काय उगाच? अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

माझं बरं चाललं आहे. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तेच काम, अवयवांचे पापडाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर लावायचे. अंगाला औषधाचा इतका वास येतो की घरमालकीण आंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देत नाही. गेले काही महिने मात्र मी एका वेगळ्याच खटपटीत होतो. मेंदूत एका जातीच्या बारीक पेशी असतात, साध्या रंगानं त्या दिसतच नाहीत, चांदीचं पाणी लागतं. माझ्या किती काचा काळ्या पडल्या, विचारू नको. डॉक्टर वैतागले, मी चिकटून राहिलो, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्या दिसल्या.

त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. एवढंसं अंग आणि चहूकडे पसरलेले केसासारखे हात. मला आपला आजा आठवला, गावाचा जागल्या. ते काम आपण सोडलं हे चांगलंच केलं, पण या पेशींना सुट्टी नाही. मेंदूत जखम झाली, रोग शिरला, की हात आखडून तिकडे धावतात, मेलेलं खाऊन जागा साफ करतात. रोग फार माजला तर त्या भरात चांगलंही खातात की काय, असा डॉक्टरांना संशय आहे. एरवी त्या निजलेल्या असतात असं पुस्तकात लिहिलं आहे. मला ते पटत नाही. इतके हात पसरून कोणी निजतं का?

बाई, आता मन घट्ट कर. या पेशी मी आपल्या शकुनच्या मेंदूत पाहिल्या.

गेल्या साली भादव्यात, मंगळवारी, तिच्या हातून पाहुण्यांचं दूध सांडलं आणि तू तिच्या डोक्यात पळी मारलीस. बुधवारी ताप, शुक्रवारी झटके. हिवरखेडहून अकोला, तिथून गाडीनं बडनेरा, मग माझ्याकडे. रविवारी पोर गेली. दवाखान्याच्या बाकड्यावर तू म्हणालीस, "याच हातानं मारलं न मी तिले." तेव्हापासून तुझ्या तोंडी तेच आहे. काचेवर मी काय पाहिलं ते ऐक. त्या पेशी मेंदूत ठिकठिकाणी गाठी करून बसल्या होत्या, पार आत खोल, जिथं पळीचा मार पोचूच शकत नाही. हा मेंदूचा ताप होता. तो मंगळवारच्या आधीच तिच्यात शिरला असणार. दूध सांडलं तेही कदाचित त्यानंच, हात थरथरला असेल लेकराचा. तुझ्या मारानं काही झालं असतं तर कवटीखाली रक्त साकळलं असतं. तिथं थेंबभर रक्त नव्हतं.

हे मला कसं कळलं, तेच सांगायला लिहायला बसलो. पोर गेली तेव्हा भाऊजी तिला गावी न्यायला गाडीच्या तपासाला गेले होते, डॉक्टरांनी विचारलं, आणि मामा म्हणून मी सही केली. तिचं डोकं उघडलं, मेंदू ठेवून घेतला. डोक्याला फडकं मीच बांधलं. तू विचारलंस तेव्हा म्हणालो, दवाखान्याची रीत आहे. रक्त नाही, हे डॉक्टरांनी मला त्याच दुपारी सांगितलं होतं. तुला सांगायचं तर सहीचंही सांगावं लागलं असतं, म्हणून सव्वा वर्ष गप्प बसलो आणि तुला जळू दिलं. काल भाऊजींचं पत्र आलं. बाळ दोन महिन्यांचं झालं, पण तू त्याच्या डोक्याला हात लावत नाहीस, न्हाऊमाखू सासूबाईच घालतात, असं त्यांनी लिहिलं आहे. मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, मी येऊन ऐकून घेईन. पण आधी उद्या सकाळी तेल कोमट कर, आणि उजव्या हातानं, त्याच हातानं, बाळाची टाळू भर.

तुझाच,
देवमन