टेपची रिकामी जागा

आई, आज हॉलमधला जुना अॅम्प्लिफायर काढून नवा बसवला. तो काळा डबा तू गेल्यावरही बरीच वर्षं चालला, मग खाऱ्या हवेने आतून गंजला. नव्याच्या मागे प्रत्येक वायरीला आपली खाच आहे. टीव्हीची, केबलच्या डब्याची, मुलीच्या गेमची. वायर खोचायची आणि रिमोटने त्या सोर्सला नाव द्यायचं. तेवढं झालं. शेवटी दोन गोल भोकं उरली, एक तांबडं, एक पांढरं. मी जमिनीवर तसाच बसून राहिलो.

जुन्याच्या मागेही ती होती. पुण्याहून सासरे पहिल्यांदाच राहायला येणार म्हणून मी घाईने पाच स्पीकर जोडत होतो. बाबा गेल्यावर तू गावचं घर बंद करून नुकतीच माझ्याकडे आली होतीस, सोबत बाबांनी दिलेला टेपरेकॉर्डर आणि त्यांच्या आवाजातल्या पिशवीभर कॅसेटी. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी आहेस, हाताला तांदळाचं पीठ आहे. त्या टेपमधून अलीकडे नुसती घरघर येते, बाबांचे शब्द लागत नाहीत. तू विचारतेस, "ह्यांच्या कॅसेटी यातनं लागतील काय रे? तुम्ही भाट्याच्या समुद्रावर फिरायला जाता ना, तेवढ्यात ऐकीन."

मी मान वर न करता म्हणालो, "आई, याला मागे जागा नाही." टेप जोडायची वायर खोक्यात होती. खोकं माझ्या गुडघ्याला लागून होतं.

बाबा मुंबईत गोदीत होते तेव्हा त्यांची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो. तुला अक्षर येत नव्हतं. पुढे त्यांनी दोन टेप घेतले, एक स्वतःला, एक तुला, आणि गावी येणाऱ्या माणसाबरोबर कॅसेट धाडू लागले. तू दार लोटून ऐकायचीस. माझं काम गेलं म्हणून मी रुसलो होतो. पत्रात ते मुलाला मोठ्याने वाचता येईल एवढंच लिहायचे, हे कळायला मला स्वतःचं लग्न होऊन बरीच वर्षं जावी लागली.

आणि तरी मी जागा नाही म्हणालो. झाकणाला रबर लावलेला तो टेप नव्या सामानाशेजारी मला नको होता. त्याहून नको होतं बाबांचं बोलणं. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. सासऱ्यांच्या घरात 'हाय' आणि 'नाय' कोणी म्हणत नसे. चुकून कधी ते पाच बाजूंनी सुरू झालं तर, असं मनात आलं. तू आम्ही बाहेर गेल्यावरच ऐकणार होतीस, हे तू आधीच सांगितलं होतंस.

आठेक दिवसांनी तू मागची धूळ पुसत होतीस. सासरे चहा पीत होते. तू सहज विचारलंस की ती मागची दोन भोकं कसली, कारण खोक्यातल्या वायरीची टोकंही तसलीच आहेत, तांबडी नि पांढरी. वाचता येत नसताना तू ते जुळवलं होतंस. मी म्हणालो, ती बंद आहेत. तू फडकं झटकलंस.

"असतील हो. मोठ्या डब्याला लहान डब्याचं ओझं होत असेल."

सासरे हसले. त्यांना तो विनोद वाटला. मीही हसलो. तू पुन्हा विचारलं नाहीस. दुपारी आतल्या खोलीत टेप कानाला लावून बसायचीस, फोन धरावा तशी. दोन पावसाळ्यांनंतर तू गेलीस.

टेपचा आतला रबरी पट्टा मी मागच्या महिन्यात बदलून आणला. कॅसेटींना बुरशी आली होती, एक तेवढी वाचली. आज त्या दोन भोकांत टेप जोडून ती लावली. आवाज आधी समोरच्या दोन स्पीकरांतून आला, मग मी सेटिंग बदलून पाचही सुरू केले. बाबा स्पष्ट ऐकू येतात. आवाराचा गडगा बांधून झाला काय, म्हैस दूध देते काय, पोरगा अभ्यास करतो की नुसता उंडारतो. त्यांचं बोलणं ऐकून मला कसलीच लाज वाटली नाही. ती वाटायची तेव्हा वाटून गेली होती आणि तुझी शेवटची वर्षं घेऊन गेली होती.

हे पत्र मी जपून ठेवणार नाही. तुला ते कोणाकडून तरी वाचूनच घ्यावं लागलं असतं, आणि असं कोणी मला सुचत नाही.

एक राहिलं. म्हशीचं झाल्यावर बाबा खोकतात आणि म्हणतात, "पोरगा बाजूला असला तर त्याला जरा भायेर धाड." मग थांबतात. तुला उठून दार लोटायला वेळ लागेल, तेवढा वेळ थांबतात. रिमोट माझ्या हातात होता. मी बंद केलं नाही. बाहेरही गेलो नाही. पुढचं सगळं ऐकलं.