नवस मागे घ्या, गाडी बरी झाली

आणि मामा, तो हॉर्न मी वाजवला नव्हता. डिसेंबरपासून हे तिसऱ्यांदा सांगतोय. आधीच्या दोन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, तू फार शहाणा" म्हणून फोन ठेवून दिलात, म्हणून आता पत्र. पत्र मध्येच कट करता येत नाही. (बाजूला टाकलंत तर लालामामी उचलून पुढचं मोठ्याने वाचतील. मामी, ही ओळ गाळू नका.)

भांडणाच्या भरात नमस्कार राहिला. तुमचे दोन्ही हात डोळ्यांना लावून नमस्कार. डावा गुडघा अजून ढग येण्याआधी कळवतो का? मामींचं ब्लडप्रेशर, आईचा खोकला, आणि तुमचं ते करडं खेचर, ज्याने मला गेल्या वर्षी लाथ घातली, सगळे खुशाल असोत. मी खुशाल आहे. पिकअपही खुशाल आहे, आणि माझं सगळं रडगाणं त्याचंच आहे.

आधी त्या दिवसाचं बोलू. तुम्ही गाडीच्या आत होतात आणि आत बसलेल्याला बाहेर काय चाललंय ते कळत नाही, म्हणून सांगतो. इथे सीमेपलीकडे, सालिनासच्या शेतांत तीन हंगाम वाकून वाकून लेट्यूस कापलं, तेव्हा कुठे ती कोरी पांढरी पिकअप दारात आली. थोडे रोख, बाकी पाच वर्षांचे हप्ते. नाताळला तिला घेऊन थेट गावी आलो. एवढ्या वाटेत एक शब्द उलटून बोलली नाही बिचारी. तिचा पाद्रिनो व्हायचं तुम्हीच अंगावर घेतलंत. "पोराच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप लागतो, मग पिकअपला का नको? पिकअप तर पोरापेक्षा महाग पडते," हे तुमचेच शब्द. दोन बोकड तुम्ही कापलेत, बँड तुम्ही सांगितलात, सगळं मान्य. फादर आनसेल्मोंनी बाहेरून पाणी शिंपडलं आणि म्हणाले, आतूनही शिंपडायला हवं, माणसं आत बसतात. ते स्टीअरिंगला बसले, तुम्ही पाद्रिनो म्हणून शेजारी, आणि बोकडाच्या बिर्रियाचा वाडगा ठेवायला जागा नाही म्हणून तो गरम रस्सा तसाच हातात. मी खिडकीतून आत वाकून फादरना सीट मागे कशी सरकवायची ते दाखवत होतो. तेवढ्यात इंजिन गप्प, समोरचा पडदा काळा, दारं खटाखट लागली, काचा आपोआप वर आल्या (माझी बाही अजून फाटलेलीच आहे) आणि हॉर्न सुरू झाला तो अकरा मिनिटं. बँडवाल्यांना वाटलं, ही खूण आहे, त्यांनी वाजवायला घेतलं. लोक नाचायला लागले. काचेच्या आत तुम्ही दोघं तोंडं उघडून ओरडत होतात आणि बाहेरून वाटत होतं की गाताय. दारं उघडली तेव्हा रस्सा फादरांच्या पांढऱ्या झग्यावर होता, आणि फादर जे बोलले ते प्रार्थनेच्या पुस्तकातलं नव्हतं. तुम्ही साऱ्या गावासमोर म्हणालात, "हा माझ्या बहिणीचा मुलगा नाही, सर्कशीतून पळून आलाय." नव्या झग्याचे सतराशे पेसो तुम्ही भरलेत, तेही मला ऐकवून ऐकवून.

मामा, आता ऐका. ही गाडीची खोड आहे, माझी नाही. इथे परत आल्यापासून तिने तेच चालवलंय, आणि फक्त उभी असताना. धावताना देवता. शेताच्या फाटकाशी हजेरीला थांबलो, हॉर्न. बँकेसमोर थांबलो, हॉर्न, आणि बँकेचा शिपाई पिस्तुलावर हात ठेवून बाहेर आला. एकदा समोरून अंत्ययात्रा येत होती, मान द्यावा म्हणून बाजूला घेऊन थांबलो. पुढचं लिहीत नाही. मेलेल्याची बायको काचेवर चपलेने मारत होती आणि मला दार उघडून माफीही मागता येईना. माझ्याबरोबर रोज कामाला येणारे चौघं पेट्रोलला पैसे लावायचे, त्यावर हप्ता निघायचा. त्यातले तिघं दुसऱ्याच्या गाडीत गेले. चेमा राहिला, कारण त्याला कमी ऐकू येतं.

फेब्रुवारीत तिला शोरूमच्या दुरुस्ती खात्यात नेलं. तिथे काउंटरवर डस्टिन नावाचा एक लाल मानेचा माणूस बसतो. त्याने नऊ दिवस ठेवून घेतली आणि कागदावर लिहून दिलं, दोष आढळला नाही. आढळेल कसा? पाहुण्यांसमोर पोरं कशी हाताची घडी घालून बसतात, तशी ही तिथे बसते. एप्रिलमध्ये परत नेली. यावेळी बारा दिवस, आणि कागदावर काय, तर ग्राहकाचा हात चुकून हॉर्नवर पडतो. (मामा, तुमची आणि डस्टिनची आधीची ओळख आहे का?)

मग चेमा मला फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे घेऊन गेला. रोब्लेदोबाई. त्यांनी मला लिंबाचा कायदा सांगितला. आपण लिंबू पिळल्याशिवाय घास तोंडात घालत नाही, आणि हे लोक नासक्या गाडीला लिंबू म्हणतात, पण कायदा गोड आहे. नवी गाडी वॉरंटीत असताना तीच खोड पुन्हा पुन्हा काढत असेल, तर कंपनीला ती नीट करायला पुरेशा संधी द्यायच्या, आणि तरी जमलं नाही तर कंपनीने गाडी परत घेऊन पैसे द्यायचे नाहीतर दुसरी द्यायची. जिवावर बेतणारी खोड असेल तर दोन संधी पुरतात. माझी उभ्या गाडीची, म्हणून चार. आणि हे सगळं पहिल्या दीड वर्षात किंवा अठरा हजार मैलांत, जे आधी संपेल त्यात झालं, तर कायदा आधीच माझ्या बाजूला येऊन बसतो. नंतरही भांडता येतं, बाई म्हणाल्या, पण मग गाडी चढावर ढकलावी लागते. "आणि नाबोर, दर वेळी तेच वाक्य सांगायचं. तू दर वेळी वेगळी गोष्ट रंगवून सांगतोस, ते दर वेळी वेगळा दोष लिहितात." एका कार्डावर त्यांनी वाक्य लिहून दिलं: उभी असताना इंजिन बंद पडते, दारे आतून लागतात, हॉर्न थांबत नाही. मी शाळेत पाढे पाठ केले नाहीत, पण हे केलं. जूनमध्ये डस्टिनसमोर हात मागे बांधून म्हटलं. त्याने मुकाट्याने शब्द न् शब्द लिहून घेतला, आणि गाडी परत देताना खाली आपली ओळ जोडली, दोष आढळला नाही. पण वाक्य कागदावर आलं. तीन कागद झाले. एक राहिला. मीटर तेव्हा तेरा हजारांवर होता.

आणि गाडी बरी झाली.

जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. एक हॉर्न नाही. रेल्वेच्या फाटकाशी वीस मिनिटं उभी राहिली, तोंडातून ब्र नाही. मी हादरलो. कोणाला दोष सापडलाच नाही तर तो गेला कुठे? आतच दडून बसलाय, अठरा हजार उलटायची वाट बघत, आणि मग पाच वर्षांचे हप्ते आणि हॉर्न दोन्ही माझे.

मग परवा रविवारी लालामामींनी फोनवर सहज सांगून टाकलं. "अरे, तुझ्या मामांनी जूनमध्येच प्लातेरोसच्या देवळातल्या बाळ येशूला नवस बोललाय. गाडी बरी झाली तर पायी येईन आणि आभाराचं, पत्र्यावर रंगवलेलं चित्र तिथे लावीन. चित्र तयारसुद्धा आहे, तीन तारखेला निघतायत." आणि मेलेसिओने रंगवलेल्या त्या चित्राखालची ओळ मामींनी वाचून दाखवली: 'मी कास्तुलो बान्युएलोस, माझ्या भाच्याच्या पांढऱ्या गाडीला वारंवार होणाऱ्या आजारातून बरं केल्याबद्दल बाळ येशूचे आभार मानतो.' वर ढगात बाळ येशू, त्याने कानांवर हात ठेवलेत (हा मेलेसिओचा आगाऊपणा), आणि खाली काचेमागे तुम्ही आणि फादर, तोंडं उघडी.

मामा, लबाडीवर कोणी नवस बोलत नाही. गावासमोर मला सर्कशीतला म्हणायचं, आणि इकडे मामींना "नाबोरला कळू देऊ नकोस" अशी तंबी देऊन माझ्या गाडीसाठी तीन दिवस पायी जायचं कबूल करायचं, त्या गुडघ्यांनी. मी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीत जरा वेळ बसलो. मग राग आला. नवस बोलायचा तर विचारायचं तरी. बाळ येशूने दिलेला शब्द मी खोटा म्हणत नाही, पण त्याच्या शब्दाची वॉरंटी किती मैलांची?

आज मीटर सतरा हजार नऊशे सत्तावन्न आहे. मैल वाचवायला मी सायकलने शेतावर जातो. रोज संध्याकाळी पिकअप अंगणात चालू करून मी आणि चेमा आत बसतो (उभ्या गाडीचा मीटर फिरत नाही, हे मी माझ्या डोक्याने शोधलं), टाको खातो आणि वाट बघतो. आठ संध्याकाळी झाल्या. चेमा म्हणतो, त्याची आजी जाताना तिच्या उशाशीही एवढी माणसं बसली नव्हती.

तर हात जोडून मागणं एकच. तीन तारखेला निघू नका. बाळ येशूला सांगा की घाई झाली, पंधरा दिवस नवस बाजूला ठेव. त्यानंतर माझ्यासाठी जे मागायचं ते मागा.

तुमचा, सर्कशीतला,
नाबोर

ता. क. अक्षर हलतंय ते माफ करा, मी गाडीत आहे आणि गाडी वाजतेय. पत्र टाकायला पोस्टासमोर थांबलो आणि मामा, सगळं झालं, पडदा काळा, दारं बंद, हॉर्न चालू. मीटर सतरा हजार नऊशे साठ. बाहेर पन्नास माणसं जमलीत, पोलीस काचेवर बोट आपटतोय, आणि मी आत हसतोय म्हणून तो जास्त चिडलाय. चेमा फुटपाथवर उभा राहून चित्रण करतोय. त्यालाही ऐकू येतंय, मामा. आता पत्र टाकत नाही, आधी ओढून नेणारी गाडी बोलावतो.

ता. क. दोन. दोन दिवसांनी लिहितो आहे. डस्टिन म्हणाला, ठेव, बघतो. गाडी आत घ्यायला स्वतः बसला, दहा हात गेला, शटर उघडायला थांबला, आणि तिने त्याला हॉर्नसकट आत कोंडलं. मी काचेजवळ गेलो, हात मागे बांधले आणि कार्डावरचं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. त्याला ऐकू आलं नसेल, पण त्याने मान डोलावली. चौथ्या कागदावर लिहिलंय, दोष आढळला. रोब्लेदोबाईंनी चारही कागद जोडून कंपनीला पत्र धाडलं आहे. वेळ लागेल म्हणाल्या, पण चढ नाही, उतार आहे. मेलेसिओच्या चित्राचं सांगितल्यावर आधी त्या खूप हसल्या, मग म्हणाल्या, त्याचा एक फोटो मागव, डिसेंबरात काय झालं त्याचं चित्र आहे, दोन साक्षीदारांसकट. म्हणून त्यातलं काही खरवडू नका. खाली फक्त एक ओळ वाढवा, की वेळेवर पुन्हा आजारी पाडल्याबद्दल दुप्पट आभार. जागा नसेल तर फादरांच्या डोक्यावर मोकळं आकाश आहे. आणि नवस गाडी बरी होण्याचा होता. ती बरी नाही, डस्टिनने लिहून दिलंय, तेव्हा पायी जायचं कारण उरलं नाही. चित्र घेऊन मामींबरोबर बसने जा.

ता. क. तीन. हे मामींनी वाचू नये, तुम्हीच वाचा. त्या दिवशी खिडकीतून वाकलो तेव्हा तुमचा वाडगा आणि फादरांचा गंभीर चेहरा बघून मला राहवलं नाही. पहिले दोन हॉर्न मी दिले होते. तिसऱ्यापासून पुढची अकरा मिनिटं कंपनीची. पण रस्सा पहिल्याच हॉर्नला सांडला, ते मी बघितलं होतं. तेव्हा झग्याचे पंच्याण्णव, बसचे तीस आणि मेलेसिओच्या ओळीचे वीस, मिळून एकशे पंचेचाळीस डॉलर पाठवतो आहे.