थंडीत चढणारे व्होल्ट

बाई, तुम्हांला जाऊन तीस वर्षे उलटली. तुम्ही शिकवलेल्या तर्कशास्त्रावर मी आयुष्यभर प्राध्यापकी केली आणि आता मंगळवार पेठेतल्या एका विद्यार्थी वसतिगृहाचा विश्वस्त आहे. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे ठरले तेव्हा आखणी मी हौसेने अंगावर घेतली. प्रत्येक पॅनेलच्या पट्टीवर कमाल व्होल्टेज एकोणपन्नास छापलेले. इन्व्हर्टरला सोसणारी मर्यादा पाचशे. दहा पॅनेल एकापुढे एक जोडली की चारशे नव्वद. कळंब्याचा फिटर म्हणाला, "नऊच लावूया की सर. थंडीत व्होल्टेज चढतंय." मी विचारले, "ऊन वाढले की वीज वाढते, हे मान्य?" "व्हय." "मग थंडीत ती चढेल कशी?" "ते मला न्हाय सांगता येत, पर चढतंय." दुसरे विश्वस्त हसले, "सरांशी वाद घालतोय गडी!" त्याने मुकाट्याने दहा जोडली.

डिसेंबरातल्या एका गार सकाळी, गच्चीवर ऊन येताच इन्व्हर्टर जळला. जोडणी सदोष असल्याचा ठराव सभेत मीच मांडला, आणि फिटरला पुन्हा काम न देण्याचे ठरले. पेठेत बोभाटा झाला. त्याच्या हातची आणखी दोन कामे गेली. गेल्या आठवड्यात नवा इन्व्हर्टर निवडताना पॅनेलचे माहितीपत्रक मी प्रथमच उघडले. एकोणपन्नास हा आकडा पंचवीस अंश तापमानाचा आहे. पारा जितका खाली, तितका तो वर. त्या गारठ्यात दहांची बेरीज पाचशेपलीकडे गेली होती. ऊन आणि उष्णता मी एकच मानली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला या चुकीबद्दल मी वर्गाबाहेर काढले असते.

वादस्पर्धेची ढाल घेऊन मी तुमच्या स्वयंपाकघरात आलो होतो, तो दिवस आठवतो. तुम्ही भाकरी थापत आहात, मान वर करत नाही. वर्गातली तुमची प्रमाण भाषा घरात कुठल्या कुठे गेलेली. "जिंकलास व्हय? मग त्या दुसऱ्या पोराचं काय खरं होतं, ते सांग." मी माझेच मुद्दे पुन्हा सांगू लागलो. "म्हंजे ऐकलंच न्हाईस की त्याचं." ढाल घेऊन मी रागाने निघून गेलो होतो.

परवा विश्वस्तांची सभा आहे. दोष आखणीचा होता, फिटरचा नव्हे, एवढे निवेदन चार ओळींत मावते. सकाळपासून टेबलाशी बसून मी त्या चार ओळी लिहिलेल्या नाहीत. हे पत्र मात्र लिहिले, कारण ते कोणीही वाचणार नाही.