इस्त्री शोधू नकोस

आई,

इस्त्री शोधत बसू नकोस. ती मी उघडली आणि तिच्या कॉइलवर अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवला. दुकानात कॉम्प्युटरच्या चिपवर लावायची नवी पेस्ट आलीय, ती उष्णता नीट ओढते का ते त्यावर तपासतोय. ठोकळा टेबलावरच आहे. अजून गरम असेल, हात लावू नकोस.

खरं सांगू? कॉइल भंगारातही मिळाली असती. पण बाबा जाऊन वर्ष झालं, तरी तू दर रविवारी त्यांच्या शर्टांना इस्त्री करून कपाटात लावतेस. मला बघवत नाही गं ते. रागवायचं तर रागव.

शर्ट सगळे जागेवर आहेत, एक निळा सोडून. तो मी घालून गेलोय. खांद्यात बरोबर बसला.